अब्राहाम कहान : संपादक आणि कादंबरीकार

एका म्यानांत दोन तरवारी रहात नाहींत असें म्हणतात. दैनिक पत्राचा संपादक आणि कादंबरीकार ह्या दोघांविषयीं तर ही म्हण विशेषच खरी मानली जाते. एकाला आजचा मजकूर आज छापावा लागतो. दुसऱ्याला दहा वर्षांपूर्वींची एखादी आठवण मनांत मुरत ठेवावी लागते. एकाचा वाचक दाराशीं उभा असतो. दुसऱ्याचा कोठें असतो हें त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें. न्यूयॉर्क शहरांत जवळजवळ अर्धें शतक एका यिडिश दैनिकाची धुरा वाहणाऱ्या अब्राहाम कहाननें ह्या दोन्ही तरवारी वागविल्या. १९१७ सालीं, वयाच्या ५७ व्या वर्षाच्या सुमारास, त्यानें इंग्रजींत एक कादंबरी प्रसिद्ध केली. देश सोडून अमेरिकेंत गेलेल्या माणसांच्या जीवनावर तिच्या तोडीचें पुस्तक क्वचितच सांपडेल. त्यानंतर तो ३४ वर्षें जगला आणि त्यांतील बहुतेक वर्षें रोज लिहीत होता; परंतु दुसरी कादंबरी त्याच्या हातून झाली नाहीं. संपादकानें कादंबरीकाराला गिळलें, असा ह्याचा सरळ अर्थ पुष्कळांनीं लावला आहे. तो तितका सरळ नसावा असें आम्हांस वाटतें.

कहानचा जन्म ७ जुलै १८६० रोजीं, त्या वेळच्या रशियन साम्राज्यांत, विल्ना शहरानजीकच्या एका खेड्यांत झाला. (तो मुलूख आज लिथुएनियांत मोडतो आणि विल्नाला विल्नियस म्हणतात.) आजा रब्बी, म्हणजे धर्मशास्त्री, बाप मुलांना हिब्रू शिकविणारा गरीब पंतोजी. अब्राहाम पांच-सहा वर्षांचा असतां कुटुंब विल्ना येथें रहावयास आलें. मुलानेंहि धर्मशास्त्री व्हावें अशी घरची इच्छा होती. पण त्याला शहराच्या ग्रंथालयाची वाट सांपडली, आणि तेथें तो आपला आपण रशियन शिकला. एकदां टॉलस्टॉय-तुर्गेन्येव्ह हातांत आल्यावर धर्मग्रंथांवर डोलत बसणें त्याच्यानें होईना.

यहुदी म्हटले कीं आपल्या वाचकांस कोंकणांतील बेने इस्राएल आठवतात. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, आणि त्यांची घरची भाषा मराठीच होती. रशियांतील यहुद्यांची गोष्ट निराळी. त्यांची बोली यिडिश : मूळ बांधा जुन्या जर्मन भाषेचा, तींत हिब्रू आणि स्लाव्ह शब्दांची भरपूर भर, आणि लिपि हिब्रू. धर्म हिब्रूंत, सरकार रशियनमध्यें, आणि यिडिश ही चुलीजवळची, बाजारांतली, बायकामुलांची भाषा. शिकलेली मंडळी तिला 'जार्गन' म्हणून नाक मुरडीत. तरुण कहानहि त्यांतलाच होता. ज्या भाषेनें पुढें त्याला सर्व कांहीं दिलें, तिच्याविषयीं त्याला त्या वयांत विशेष अभिमान नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१८८१ सालीं तो विल्ना येथील यहुदी शिक्षकांच्या सरकारी विद्यालयांतून बाहेर पडला. त्याच वर्षीं झार दुसरा अलेक्झांडर ह्याचा बाँबनें खून झाला. दक्षिण रशियांत यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें लुटलीं गेलीं. कहानचा क्रांतिकारकांच्या एका गुप्त मंडळाशीं संबंध आलेला होता. शिक्षक म्हणून ज्या गांवीं त्याची नेमणूक झाली होती तेथें पोलिसांनीं त्याच्या खोलीची झडती घेतांच त्यानें देश सोडला, आणि १८८२ च्या जून महिन्यांत तो अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. खिशांत पैसा नाहीं, तोंडांत इंग्रजी नाहीं. प्रथम त्यानें सिगारच्या कारखान्यांत व नंतर पत्र्याच्या कारखान्यांत मजुरी केली. बावीस वर्षांचा हा माणूस इंग्रजीचे उच्चार नीट यावेत म्हणून एका प्राथमिक शाळेंत लहान मुलांच्या बांकावर जाऊन बसला. पुढें कित्येक वर्षें आपल्याच लोकांना रात्रीच्या शाळेंत इंग्रजी शिकवून त्यानें पोट भरलें.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रशियाहून आलेले समाजवादी तरुण शिंप्यांच्या आणि मजुरांच्या सभा भरवीत आणि तेथें भाषणें रशियनमध्यें करीत. शिंप्यांना रशियन कळत नसे. यिडिशमध्यें कां बोलत नाहीं, असें कहाननें विचारतांच मंडळी हंसली. यिडिशमध्यें कधीं तत्त्वज्ञान सांगतां येतें काय? मग तोच यिडिशमध्यें बोलावयास उभा राहिला. अमेरिकेंतील यिडिश भाषेंतलें पहिलें समाजवादी व्याख्यान म्हणून त्याची नोंद झाली आहे. भाषेविषयींचें प्रेम त्याला ह्या दारानें आलें. समोरच्या माणसाला जी समजते ती भाषा चांगली, ह्यापलीकडे त्याचा त्या बाबतींत कांहीं सिद्धान्त नव्हता.

१८९० सालीं 'आर्बेटर त्साइटुंग' हें मजूरवर्गाचें साप्ताहिक निघालें आणि लवकरच त्याचें संपादन कहानकडे आलें. त्यांत तो 'श्रमिकांचा मग्गीद' म्हणून एक सदर लिही. मग्गीद म्हणजे यहुद्यांतील फिरता प्रवचनकार. आपल्याकडील कीर्तनकारासारखाच, पूर्वरंगांत शास्त्र आणि उत्तररंगांत कथा सांगणारा. देवळांत त्या आठवड्याला धर्मग्रंथाचा जो अध्याय वाचला जाई, तोच घेऊन कहान निरूपणास आरंभ करी, आणि श्रोते डोलूं लागले कीं त्यांना अलगद कपड्यांच्या कारखान्यांतील संपावर आणून सोडी. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशीं विश्रांति घे, ही मोशेची आज्ञा. मग मालक सातहि दिवस राबवून घेतो तो कोणत्या शास्त्रानें? जुनें सूर तेच ठेवून नवे बोल बसविण्याची ही हातोटी त्याची स्वतःची होती. ज्या धर्मावरचा त्याचा विश्वास उडाला होता, त्याचें वळण मात्र त्याच्या जिभेवरून कधींच गेलें नाहीं.

ह्याच सुमारास विल्यम डीन हॉवेल्स ह्या नामांकित अमेरिकन कादंबरीकाराशीं त्याची ओळख झाली. कहानची एक इंग्रजी गोष्ट १८९५ सालीं मासिकांत आली होती; ती वाचून हॉवेल्सनें त्याला बोलावून घेतलें आणि यहुदी वस्तीवर कादंबरी लिहिण्याविषयीं भरीस घातलें. त्याप्रमाणें कहाननें लिहिलीहि. पण प्रकाशक ती घेईनात. पूर्वेकडच्या गलिच्छ गल्ल्यांतील यहुद्याच्या संसाराशीं अमेरिकन वाचकाला काय कर्तव्य, असा त्यांचा सूर. कंटाळून कहाननें ती आपल्या साप्ताहिकांतून यिडिशमध्यें छापून टाकली. अखेर हॉवेल्सच्या खटपटीनें ती १८९६ सालीं 'येक्ल' ह्या नांवानें इंग्रजींत निघाली, आणि हॉवेल्सनें वर्तमानपत्रांत तिची मनापासून स्तुति केली. खप मात्र बेताचाच झाला.

कथा साधी आहे. बायको गिट्ल आणि लहान मूल रशियांत ठेवून येक्ल न्यूयॉर्कला येतो, कारखान्यांत शिवणकाम करतो, 'जेक' असें नांव घेतो, दाढी काढतो, नाचाच्या वर्गाला जाऊं लागतो. बाप वारल्याची बातमी येते तेव्हां मनाला टोंचणी लागून तो बायकोमुलाला बोलावून घेतो. बंदरावर ती दिसते ती डोक्यावर खोटे केस घातलेली, खेडवळ पोषाखांतली, तीन वर्षांपूर्वीं सोडली तशीच. आणि त्याला तिची लाज वाटते. शेवटीं तो काडीमोड घेतो. ज्या पुढारलेल्या मुलीसाठीं त्यानें हें केलें तिच्याशीं लग्न लावण्याकरतां तो ट्राममधून निघाला आहे, आणि ट्राम जेथें जेथें थांबते तेथें ती अशीच थांबून रहावी असें त्याला वाटत आहे. ह्या ठिकाणीं कहान कथा सोडून देतो.

ह्या लहानशा पुस्तकांत भाषेची एक युक्ति आहे. पात्रें आपसांत यिडिश बोलतात, आणि त्यांचें तें बोलणें कहान शुद्ध, सुघड इंग्रजींत देतो. पण बोलण्याच्या ओघांत तीं मधूनच जे इंग्रजी शब्द फेंकतात ते मात्र तो निराळ्या टाइपांत, त्यांच्या वेड्यावांकड्या उच्चारांसह छापतो. परिणाम असा होतो कीं मातृभाषेंत हीं माणसें अब्रूदार दिसतात आणि इंग्रजी तोंडांत येतांच उघडीं पडतात. जेक ज्या शब्दांचा तोरा मिरवितो, तेच पानावर ठेंचाळतांना दिसतात. ही खुबी ज्याला दोन्ही भाषा आंतून ठाऊक आहेत त्यालाच साधणारी होती.

१८९७ च्या एप्रिलमध्यें 'फॉर्वर्ट्स' ह्या यिडिश दैनिकाचा जन्म झाला. कहान पहिला संपादक. पण पक्षांतील मंडळींशीं त्याचें जमेना, आणि कांहीं महिन्यांतच तो बाहेर पडला. पुढचीं चार वर्षें त्यानें एका इंग्रजी दैनिकांत लिंकन स्टेफन्सच्या हाताखालीं बातमीदार म्हणून काढलीं. पोलिसकचेऱ्या, न्यायालयें, खून, आगी, निवडणुका हें सर्व त्यानें पायांनीं तुडविलें; आणि मोबदला म्हणून कचेरींतील तरुण अमेरिकन सहकाऱ्यांना रशियन कादंबरीकारांची दीक्षा दिली. 'इम्पोर्टेड ब्राइडग्रूम' हा त्याचा कथासंग्रहहि १८९८ सालींच निघाला. ह्या वेळीं तो इंग्रजी लेखक म्हणून कायमचा स्थिर होईल, असें कोणीहि म्हटलें असतें.

तसें झालें नाहीं. १९०२ सालीं तो 'फॉर्वर्ट्स'मध्यें परतला, पुन्हां भांडून गेला, आणि १९०३ मध्यें सर्वाधिकार हातीं घेऊन जो बसला तो अखेरपर्यंत. पत्रांतील पंडिती जर्मनाळलेली यिडिश त्यानें हद्दपार केली. लोक बोलतात तशी लिहा. ते 'शॉप' म्हणतात, 'विंडो' म्हणतात, तर तुम्हीहि म्हणा, असा हुकूम सुटला. आयांनीं मुलांना शाळेंत पाठवितांना खिशांत स्वच्छ रुमाल द्यावा, असा लेख त्यानें लिहिला तेव्हां पक्षांतील जहाल मंडळी चिडली; मुलांच्या शेंबडाचा समाजवादाशीं काय संबंध? मुलगा बेसबॉल खेळतो म्हणून तक्रार करणाऱ्या बापाला त्यानें सांगितलें कीं, खेळूं द्या, नाहींतर ह्या देशांत तीं मुलें परकींच रहातील. कांहीं वर्षांनीं तर त्या खेळाचे नियम आकृति काढून समजावून दिले. धर्मश्रद्ध माणसांची टवाळीहि त्यानें थांबविली. पत्र वाढूं लागलें. १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या ईस्ट ब्रॉडवेवर त्याची दहा मजल्यांची स्वतःची इमारत उभी राहिली. दर्शनी भागावर मार्क्स, एंगल्स वगैरेंचे मुखवटे कोरलेले. पुढें एक काळ असा आला कीं खप दोन लाखांच्या वर गेला.

ह्या सर्वांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती २० जानेवारी १९०६ ची गोष्ट. त्या दिवशीं 'बिंट्ल ब्रीफ', म्हणजे 'पत्रांची जुडी', हें सदर सुरू झालें. पहिल्या पत्रांतील एक एका गरीब बाईचें होतें. तिच्या घरचें घड्याळ नाहींसें झालें होतें आणि तें शेजारणीनें नेलें हें ती जाणून होती. ती लिहिते ती संपादकाला नव्हे, शेजारणीलाच : तूं तें गरजेपायीं नेऊन गहाण टाकलेंस हें मला समजतें, गहाणाची चिठ्ठी टपालानें पाठवून दे, आपण पूर्वींसारख्याच शेजारणी राहूं. चोरी, गरिबी, भीड आणि शेजारधर्म हें सर्व त्या पांच-दहा ओळींत आलें आहे. एखाद्या रशियन कथालेखकानें ह्यावर समाधान मानलें असतें.

मग पत्रांचा पूर लोटला. नवऱ्यानें टाकलेली बायको, निरीश्वरवादी झालेला मुलगा आणि देवळाला चल म्हणणारा बाप, संपांत फितूर झाल्याचा पश्चात्ताप करणारा मजूर, आईच्या जुन्या चालीरीतींची लाज वाटणारी मुलगी. ज्यांना लिहितां येत नसे ते कचेरींत येऊन तोंडानें सांगत आणि कोणी तें लिहून घेई. आरंभीं उत्तरें स्वतः कहान देई. ह्याशिवाय बायकोमुलें सोडून पळालेल्या नवऱ्यांचीं छायाचित्रें पत्रांत छापलीं जात. पानभर 'जेक' ओळीनें मांडलेले. ज्या विषयाशीं अमेरिकन वाचकाला काय कर्तव्य असें प्रकाशकांनीं विचारलें होतें, तो विषय आतां रोज सकाळीं लाखभर घरांत वाचला जात होता, आणि पात्रेंच तो लिहीत होतीं. खऱ्या माणसांच्या तोंडून निघालेल्या हकीगतींना कादंबरीची गोडी असते, असें कहान पूर्वींपासून मानीत आला होता. हें सदर चालवितांना त्याच्यांतला कादंबरीकार स्वस्थ बसला असेल असें म्हणवत नाहीं.

त्याचा पुरावा 'द राइज ऑफ डेव्हिड लेव्हिन्स्की' हाच आहे. १९१३ सालीं 'मॅक्लुअर्स' मासिकानें यहुदी व्यापाऱ्यांच्या भरभराटीवर कहानकडे लेख मागितले. त्याच मासिकांत त्या सुमारास यहुद्यांच्या 'आक्रमणा'वर एक कुत्सित लेख आला होता, त्यामुळें प्रसंग नाजूक होता. कहाननें लेखांऐवजीं एका काल्पनिक कारखानदाराचें आत्मवृत्त लिहून दिलें, आणि तेंच वाढवून १९१७ मध्यें पांचशेंहून अधिक पानांची कादंबरी केली. डेव्हिड हा धर्मग्रंथांचा गरीब विद्यार्थी. गुंडांनीं त्याला मारलें म्हणून जाब विचारावयास गेलेली त्याची आई स्वतःच मारली जाते. १८८५ सालीं तो चार सेंट घेऊन न्यूयॉर्कला उतरतो. केशवपन होतें, फेरीचा धंदा होतो, शिवणकाम येतें. त्याला महाविद्यालयांत जावयाचें असतें. एक दिवस कारखान्यांत त्याच्या हातून रेशमी कोटांवर दूध सांडतें, मालक अपमान करतो, आणि त्या रागाच्या भरांत तो मालकाचा कुशल कारागीर फोडून स्वतःचा धंदा काढतो. अभ्यास मागें पडतो तो पडतोच. कादंबरीच्या अखेरीस त्याच्यापाशीं वीस लाख डॉलरांहून अधिक संपत्ति आहे, बायको नाहीं, मूल नाहीं, आणि धर्मग्रंथावर डोलणारा तो पोरच आपण खरे, हा कारखानदार कोणी परका, असें त्याला वाटत असतें.

पुस्तकाचें नांव हॉवेल्सच्या 'द राइज ऑफ सायलस लॅपहॅम'ची आठवण करून देतें; पण हॉवेल्सचा नायक पैसा गमावून वर चढतो, कहानचा मिळवून. लेव्हिन्स्की मजुरांना लुबाडतो, संघाला फसवितो, मित्राच्या बायकोवर प्रेम करतो, आणि हें सर्व स्वतःच्या तोंडानें शांतपणें सांगतो. समाजवादी संपादकानें भांडवलवाल्याला आपला आवाज द्यावा आणि एकदांहि मध्यें पडून त्याचा न्याय करूं नये, हा संयम थोर आहे. असा नायक रंगविल्यानें यहुदीद्वेष्ट्यांच्या हातांत कोलीत दिलें, अशी ओरड कांहींनीं केली. त्यांना उत्तर देण्याच्या भरीस तो फारसा पडला नाहीं. १९०५ सालची त्याची रशियन क्रांतिकारकांवरील कादंबरी ह्याच्याजवळ अगदींच फिकी वाटते. ती मतांवर चालते, ही माणसांवर.

तेव्हां 'फॉर्वर्ट्स'नें ही कादंबरी खाल्ली नाहीं, तिला पोसली. मग पुढच्या कां आल्या नाहींत? आम्हांस ह्याचें कारण भाषेंत दिसतें. कहाननें आपल्या उत्तम कथा इंग्रजींत लिहिल्या. ज्यांना यहुदी वस्ती ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं त्या होत्या. प्रत्येक चालरीत समजावून सांगण्याचा भार त्यांच्यावर होता. यिडिश त्याला ह्या भारांतून मोकळें करी, पण तेथें तो संपादक, वक्ता, वडीलधारा. 'येक्ल'चा आरंभींचा प्रसंग सोडला तर त्याच्या ह्या दोन घरांची भिंत फारशी पडली नाहीं. १९२६ ते १९३१ ह्या काळांत त्यानें यिडिशमध्यें जें मोठें पुस्तक लिहिलें तें पांच भागांचें आत्मचरित्र. आणि त्यांतील विल्ना येथील बाळपणाचीं पानें वाचतांना वाटतें कीं न लिहिलेली दुसरी कादंबरी हीच असावी.

उतारवयांत त्याचा अंमल जाचक झाला हें सांगितलें पाहिजे. रशियन क्रांतीचें त्यानें आधीं स्वागत केलें, मग तिचा तो कडवा वैरी बनला; ह्यांत त्याची दृष्टि पुष्कळांहून स्वच्छ ठरली. पण साहित्यांतहि तो न्यायाधीश होऊन बसला. शोलेम आश हा त्याच्याच पत्राचा लाडका लेखक. त्यानें येशूच्या जीवनावर कादंबरी लिहिली तेव्हां कहाननें ती छापावयाचें नाकारलें, इतकेंच नव्हे तर त्याच्याविरुद्ध अख्खें पुस्तक लिहिलें. लेव्हिन्स्कीचा न्याय करावयास जो तयार नव्हता तोच हा माणूस! दुसऱ्या पारड्यांत हें घालावें लागेल कीं इस्रायल जोशुआ सिंगर आणि त्याचा धाकटा भाऊ आयझॅक बाशेविस सिंगर ह्यांना ह्याच पत्रानें अमेरिकेंत आसरा दिला. धाकट्याला पुढें १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

कहान ३१ ऑगस्ट १९५१ रोजीं वारला. त्याच्या पत्राला तोंवर उतरती कळा लागली होती. १९२४ च्या कायद्यानें अमेरिकेंत येणाऱ्यांचा ओघ अडविला होता. यिडिशचें माहेर असलेला पूर्व युरोप महायुद्धांत बेचिराख झाला होता. आणि जे आधीं आले होते त्यांचीं मुलें, कहाननेंच सांगितल्याप्रमाणें, बेसबॉल खेळून इंग्रजी शाळांतून बाहेर पडलीं होतीं. ती इमारत १९७४ सालीं विकली गेली. १९८३ सालीं दैनिकाचें साप्ताहिक झालें. २०१९ सालीं कागदावर छापणेंहि थांबलें.

'येक्ल' मात्र एका अनपेक्षित रूपानें परत आली. १९७५ सालीं जोन मिक्लिन सिल्व्हर ह्या दिग्दर्शिकेनें तिच्यावर 'हेस्टर स्ट्रीट' हा कृष्णधवल चित्रपट काढला. कहाननें पात्रांची यिडिश मोठ्या कौशल्यानें इंग्रजींत घातली होती. चित्रपटांत तीं पुन्हां यिडिश बोलूं लागलीं. गिट्ल आणि जेक पडद्यावर त्यांच्या भाषेंत भांडतात, आणि तें काय म्हणतात हें प्रेक्षकांना कळावें म्हणून खालीं इंग्रजी ओळी उमटत जातात.